मांसाहारी मांजर आणि चोथा खाणारे जिवाणू

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड येथील दुकानांत मांजरांच्या खाद्याची ‘धान्यविरहित’ असे ठळक छापलेली पाकिटे आता सहज मिळतात, आणि मांजर पक्के मांसाहारी असल्यामुळे त्याला चोथ्याचा, म्हणजे अन्नातील न पचणाऱ्या तंतूंचा, काहीच उपयोग नाही, हा समजही त्यांच्यासोबत घरोघरी पोचतो. वास्तविक धान्य वगळलेल्या खाद्यात पुष्कळदा वाटाणा किंवा बटाटा असतोच. मांजर आडवे गेल्याने काम बिघडते असे मानणे आणि पाकिटावरील एका शब्दावरून खाद्याची पारख करणे, यांत मला फारसा फरक दिसत नाही.

मांजर मांसाहारी आहे, हे खरेच. परंतु त्याच्या मोठ्या आतड्यातील सगळे जिवाणू केवळ मांसावर जगत नाहीत. तेथे केवळ न पचलेली प्रथिने पोचली, तर जिवाणू अमिनो आम्ले मोडून ऊर्जा मिळवतात आणि त्यातून अमोनिया, इंडोल, फिनॉल असे पदार्थ तयार होतात. हा अमोनिया रक्तात शिरतो, यकृत त्याचा युरिया करते आणि तो बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांवर पडते. याउलट बीटचा चोथा किंवा इन्युलिन यांसारखे आंबणारे तंतू मिळाले, की जिवाणू त्यांपासून ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही लघुशृंखल मेदाम्ले बनवतात. ब्युटिरेट आतड्याच्या अस्तरातील पेशींचे इंधन ठरते, तर या आम्लांमुळे आतड्यातील सामू (पीएच) उतरतो, म्हणजे आम्लता वाढते. मग अमोनियाच्या रेणूला एक प्रोटॉन चिकटून त्याचा धनभारित अमोनियम होतो, आणि भारित कण पेशीपटलातून सहज पार होत नसल्याने तो विष्ठेबरोबर बाहेर पडतो. या समतोलाचा पीकेए, म्हणजे ज्या सामूला अमोनिया आणि अमोनियम निम्मे-निम्मे असतात तो आकडा, सुमारे ९.२ असल्यामुळे सामू ७ वरून ६ वर आला, तर मुक्त अमोनियाचा अंश जवळजवळ दहापटीने घटतो. शिवाय वाढणारे जिवाणू काही नायट्रोजन स्वतःच्या प्रथिनांसाठी वापरतात, तो वेगळाच.

सेल्युलोज मात्र मांजराच्या आतड्यात जवळपास आंबत नाही, ते केवळ विष्ठेचे आकारमान वाढवते. इसबगोल पाणी धरून ठेवते. पाकिटावरील ‘क्रूड फायबर’च्या आकड्यात विद्राव्य तंतू बहुतांशी मोजलेच जात नसल्याने, त्यावरून आतड्यात काय घडेल हे कळत नाही.

बळदाजवळ पकडलेल्या उंदराचे केस, कूर्चा आणि कातडीही मांजर खाते. चित्त्यांवरील बेल्जियन अभ्यासांतून असे दिसले, की हे न पचणारे प्राणिज भागही काही अंशी तंतूंसारखेच काम करतात.

यावरून मांजराला नुसत्या ज्वारीच्या भाकरीवर आणि दुधावर ठेवावे, असे कोणी समजू नये. मांसातून मिळणारे टॉरिन हे अमिनो आम्ल त्याला पुरेसे स्वतः बनवता येत नाही, आणि त्याच्या अभावी मांजराचे हृदय फुगून निकामी होते, हे १९८७ मध्ये अमेरिकेत सिद्ध झाले आहे.