स्वस्त बोल्ट-ॲक्शन रायफलचा दस्ता आणि ‘ड्रॉप-इन’ या शब्दाची गुंतागुंत

‘ड्रॉप-इन’, म्हणजे काही घासकाम न करता सरळ बसणारा, अशी बदली दस्त्यांची जाहिरात केली जाते. स्वस्त रायफलींत तो शब्द का फसवतो, ते पाहू. जुना काळ थोडक्यात आटोपता येतो. १८९८ च्या माउजर या जर्मन रायफलीत रिकॉइल लग हा रिसीव्हरच्याच, म्हणजे बॅरल आणि बोल्ट (काडतूस भरण्यासाठी हाताने मागे-पुढे सरकवायचा दांडा) धरणाऱ्या मुख्य भागाच्या, घडणीत होता. गोळी सुटताना बसणारा मागचा धक्का दस्त्यावर उतरवणारा हा पोलादी ठोकळा. दस्ता अक्रोडाचा असे. पुढे जर्मनीने लाकडाचे पातळ पापुद्रे चिकटवून केलेले लॅमिनेट दस्ते वापरात आणले. दुसऱ्या महायुद्धानंतर अशा लष्करी रायफली अमेरिकेत स्वस्तात विकल्या गेल्या आणि अर्धवट कोरलेला दस्ता टपालाने मागवून घरी बसवण्याची रीत पडली. मिसुरी राज्यातल्या वॉर्सा या छोट्या गावात असे दस्ते करणारे दोन मोठे कारखाने होते. १९६८ च्या कायद्याने बंदूक टपालाने मागवणे बंद झाले. दस्त्याचा व्यापार मात्र चालूच राहिला, कारण त्या कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे रिसीव्हर आणि दस्ता म्हणजे नुसता सुटा भाग. आजची दस्ता-बदलाची बाजारपेठ या एका व्याख्येवर उभी आहे.

खरा बदल १९४८ मध्ये रेमिंग्टन ७२१ आणि ७२२ पासून सुरू झाला. रिसीव्हर गोल सळईतून कातला गेला आणि लग हा बॅरल व रिसीव्हर यांच्यामध्ये दाबून धरलेला जाड वॉशर झाला. १९५८ च्या सॅव्हेज ११० मध्ये आणि १९६२ च्या रेमिंग्टन ७०० मध्ये हीच कल्पना पुढे आली. लग वेगळा झाला, तरी रायफल दस्त्यातून काढली की तो रायफलीसोबतच बाहेर येई. व्हिएतनामच्या दमट हवेत लाकडी दस्ते फुगले, वाकले आणि बॅरलला टेकू लागले. म्हणून १९७० च्या दशकात अमेरिकी मरीन नेमबाजांच्या रायफलींना फायबरग्लासचे दस्ते आले. १९८८ च्या लष्करी एम२४ रायफलीत दस्त्याच्या पोटात ॲल्युमिनियमचा सलग ठोकळा होता. रिसीव्हर त्यावर ठेवायचा, दोन स्क्रू आवळायचे, काम झाले. ‘ड्रॉप-इन’ हा शब्द अशा दस्त्यांना शोभतो.

स्वस्त रायफलींनी मात्र त्याचा अर्थ बिघडवला. २०१० मध्ये एज नावाने आलेली आणि वर्षभरात ॲक्सिस झालेली सॅव्हेज, आणि २०१२ ची रुगर अमेरिकन, या दोन्हींत खर्च वाचवण्यासाठी लगचे काम रिसीव्हरकडून काढून दस्त्याकडे दिले गेले. ॲक्सिसमध्ये पोलादी पट्टी दस्त्याच्या खाचेत बसते आणि रिसीव्हरच्या पोटातली आडवी खाच तिच्यावर उतरते. अमेरिकनमध्ये पुढे-मागे व्ही आकाराचे दोन ठोकळे दस्त्यातच साच्यात ओतलेले असतात. २००३ ची टिक्का टी३ अशीच होती. तिच्या दस्त्यातला ॲल्युमिनियमचा लग जोरदार काडतुसांच्या धक्क्याने चेपला जाई. २०१६ च्या टी३एक्समध्ये तो पोलादी करावा लागला.

या निर्णयावर दोन टोकाची मते आहेत. बाजू घेणारे म्हणतात, कातकाम कमी झाले, किंमत उतरली आणि नेम बिघडला नाही. कारखान्याच्या दस्त्यापुरते ते खरेच आहे. अमेरिकनचे ठोकळे तर त्या किमतीला फार चांगले काम आहे. पण दस्ता बदलायचा म्हटले की रायफलीचा एक कामाचा अवयवच बदलावा लागतो, हे ग्राहकाला कुणी सांगत नाही. नव्या दस्त्यातली खाच अर्धा मिलिमीटर सैल असली, तर प्रत्येक गोळीनिशी रिसीव्हर सरकतो आणि निशाण्यावरचा गोळ्यांचा गट पसरतो. दोष बॅरलला किंवा दुर्बिणीला दिला जातो. अशा रायफलीसाठी जाहिरातीतला ‘ड्रॉप-इन’ म्हणजे ‘स्क्रू जुळतात’, एवढाच अर्थ घ्यावा. ‘बेडिंगची गरज नाही’ असा अर्थ घेऊ नये. बेडिंग म्हणजे रिसीव्हर दस्त्यात घट्ट बसावा म्हणून मधली पोकळी एपॉक्सीने भरणे.

म्हणून दस्ता मागवण्याआधीच लग नव्यासोबत येतो की जुन्यातला काढून लावायचा, हे विचारावे. जुना प्लॅस्टिकचा दस्ता टाकून दिला आणि पट्टी त्यातच गेली, असे होते. दोन स्क्रूंमधले अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंत मोजावे. सॅव्हेज ११० मध्ये मॅगझिनच्या (काडतुसांच्या पेटीच्या) रचनेबरोबर हे अंतर बदलत गेले, त्यामुळे नुसत्या मॉडेलच्या नावावर विसंबू नये.

लॅमिनेट दस्त्यात बेडिंग करताना स्क्रूंभोवती ॲल्युमिनियमच्या नळ्या बसवतात, नाहीतर लाकूड दबते आणि घट्टपणा उतरतो. लग रिसीव्हरचाच असेल, तर त्याच्या पुढच्या, बाजूंच्या आणि खालच्या अंगाला टेप लावावी. एपॉक्सी फक्त मागच्या अंगाला भिडली पाहिजे. उरलेल्या धातूवर बुटाच्या मेणाचे दोन पातळ थर द्यावेत. ते कुठे चुकले, तर रायफल दस्त्यात कायमची चिकटते. कारखान्याच्या प्लॅस्टिक दस्त्यात हेच करू पाहणाऱ्यांची मात्र निराशा होते, कारण त्या प्लॅस्टिकला एपॉक्सी नीट धरत नाही आणि पुढचा भाग बायपॉडच्या (पुढच्या दोन पायांच्या टेकूच्या) जोराने वाकतच राहतो.

बॅरल आणि दस्ता यांच्यामधल्या फटीतून कागदाची पट्टी रिसीव्हरपर्यंत सरकली पाहिजे. ती मुळीच अडखळता कामा नये. ताण आहे का ते पाहायला पुढचा स्क्रू सैल करताना बोट त्या फटीवर ठेवावे. ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त हालचाल झाली, तर बेडिंग पुन्हा करावे. ॲल्युमिनियम ठोकळ्याच्या रेमिंग्टन ७०० ला साधारण ६५ इंच-पाउंड, म्हणजे सुमारे ७.३ न्यूटन-मीटर आवळ चालतो. तोच आकडा नळ्या नसलेल्या लाकडाला लावला, तर तंतू चिरडतात. नव्या दस्त्याची जाडी वेगळी असल्याने पुढचा स्क्रू लांब पडून बोल्टला आतून टेकू शकतो. बोल्ट जड चालू लागला, तर आधी तेच पाहावे. स्क्रू घासून आखूड करता येतो, पण पुरेसे आटे शिल्लक ठेवावे लागतात.

आपल्याकडची इशापूरच्या कारखान्याची .३१५ रायफल या सगळ्यात मोडत नाही. ती ली-एनफिल्डच्या घराण्यातली. तिचा दस्ता दोन तुकड्यांचा. मागचा तुकडा आतून जाणाऱ्या लांब आवळ-बोल्टाने (काडतूस भरणारा बोल्ट वेगळा) धरलेला असतो. ली-एनफिल्डच्या काही नमुन्यांत पुढचे लाकूड न काढता तो बोल्ट फिरवला, तर त्याचे चौकोनी टोक पुढच्या लाकडात अडकून ते उभे चिरते. म्हणून तिथे आधी पुढचे लाकूड उतरवायचे आणि मगच मागचा बोल्ट सैल करायचा.