नस दबली खरी, पण मनगटात की मानेत?

चाकणच्या पट्ट्यातल्या गाड्यांच्या कारखान्यांत असेंब्ली लाइनवर काम करणाऱ्याच्या हाताला मुंग्या आल्या की शेजारचा लगेच सांगतो, "मानेची नस दबली, पट्टा घे." पट्टा येतो, महिनाभर गळ्यात राहतो आणि मुंग्या जशाच्या तशा. कारण पुष्कळदा नस दबलेली असते मनगटात.

मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला एक अरुंद बोगदा आहे. मागे हाडं, पुढे चिवट पट्टा, आणि मधून बोटं वाकवणाऱ्या 9 स्नायुरज्जूंच्या गर्दीत ही नस जाते. मनगट वाकवून शिफ्टभर जोर लावला, बोल्ट आवळायची थरथरणारी गन धरली, की आतली जागा कमी पडते. हा कार्पल टनेल सिंड्रोम. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2010 च्या व्यावसायिक आजारांच्या यादीत तो नावानिशी आहे.

मानेत मात्र मणक्यांमधली चकती सरकते किंवा हाड वाढतं आणि हाताकडे निघालेली नस मुळाशीच चेपते. वर लटकलेल्या गाडीखाली मान मागे टाकून बोल्ट आवळताना तिची वाट आणखी अरुंद होते.

बोटांवरून ओळखू म्हणाल, तर फसायला होतं. अंगठा आणि तर्जनी दोन्ही दुखण्यांत बधिर होऊ शकतात. मी आधी रात्रीचं विचारते. वायरिंगचे कनेक्टर अंगठ्याने दाबून बसवणाऱ्या एका ताईंना विचारलं, "झोपेतून जाग येते का?" उत्तराऐवजी त्यांनी थर्मामीटर झटकावा तसा हात झटकून दाखवला. झटकला की बरं वाटतं, आणि करंगळी तेवढी शाबूत! मग संशय मनगटाकडेच जातो. मानेच्या दुखण्यात कळ मानेतून, खांद्याच्या फऱ्यातून दंडात उतरते. मान मागे करून दुखऱ्या बाजूला वळवली की वाढते, हात डोक्यावर ठेवला की अनेकांना हलकं वाटतं.

एकट्या एक्स-रेवर विसंबू नका. चाळिशीनंतर तक्रार नसलेल्यांच्या मानेतही मणक्यांमधला "गॅप कमी" दिसतो. शंका असेल तर नसांची तपासणी, म्हणजे नर्व्ह कंडक्शन टेस्ट, करून घ्यावी. क्वचित दोन्ही जागी दाब निघतो.

जागा कळली की लाइनवर काय बदलायचं तेही कळतं. मनगट असेल तर गनची मूठ आणि टेबलाची उंची अशी हवी की मनगट सरळ राहील. रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट लावायचा. मान असेल तर उभं राहायचा प्लॅटफॉर्म उंच करा किंवा गाडी खाली घ्या, आणि वर बघायचं स्टेशन दर दोन तासांनी दुसऱ्याला द्या. सुपरवायझरकडे हे मागताना अजिबात संकोचू नका.

अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट व्हायला लागला, तर थांबू नका, डॉक्टर गाठा. दोन्ही हातांनी शर्टाची बटणं लागेनाशी झाली, चालताना तोल जाऊ लागला, तर त्याच दिवशी.