डेव्हलपमेंट बिल्डने पीसी उडत नसतो ओ

कर्वेनगरच्या हॉस्टेलवर अजून चालूच आहे हे, की डॉल्फिनचं डेव्हलपमेंट बिल्ड टाकू नको, अर्धवट असतं, सेव्ह उडतात, पीसीची वाट लागते. काहीही! डॉल्फिन म्हणजे निन्टेंडोच्या गेमक्यूब आणि वी या कन्सोलचे गेम पीसीवर चालवणारा इम्युलेटर, आणि डेव्हलपमेंट बिल्ड म्हणजे पक्क्या रिलीजच्या आधीच, काम चालू असताना येणारी त्याची आवृत्ती. डॉल्फिनचं पक्कं रिलीज 5.0 आलं जून 2016 ला आणि पुढचं रिलीज 2407 थेट जुलै 2024 मध्ये, मधली आठ वर्षं सगळी सुधारणा डेव्हलपमेंट बिल्डमध्येच येत होती. शेडर (ग्राफिक्स कार्डवर चालणारे, चित्र काढणारे छोटे प्रोग्राम) बनताना गेम अडकतो ना, त्यावरचा उपाय म्हणजे उबरशेडर्स, ते 2017 लाच आले, पण 5.0 ला चिकटलेले आपले ग्राफिक्स कार्डला शिव्या घालत बसले.

सेव्हचं थोडं खरंय. सेव्ह स्टेट, म्हणजे इम्युलेटरने जशीच्या तशी साठवलेली गेमची त्या क्षणाची स्थिती, दुसऱ्या व्हर्जनमध्ये बहुतेक वेळा लोडच होत नाही, पण गेमच्या आत मेमरी कार्डवर केलेला सेव्ह नीट चालतो, म्हणून अपडेटच्या आधी गेममध्ये जाऊन सेव्ह करा. आणि भीती वाटतच असेल तर नवं बिल्ड वेगळ्या फोल्डरमध्ये काढा, एक्झी फाइलशेजारी पोर्टेबल डॉट टीएक्सटी (portable.txt) नावाची रिकामी फाइल ठेवा, सेटिंग-सेव्ह सगळं त्याच फोल्डरमध्ये राहतं, जुन्याला धक्का नाही. एखादं बिल्ड गंडलंच तर आधीचं उघडायचं.