अंगठ्यातला ठणका आणि रक्तातली साखर

रात्री दोन-तीनच्या सुमारास पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी ठणका सुरू होतो. उजाडेपर्यंत सांधा लाल, तुकतुकीत आणि गरम झालेला असतो. चादरीचं टोक टेकलं तरी जीव कळवळतो. हा गाऊटचा झटका, म्हणजे सांध्यात धरलेल्या युरिक अ‍ॅसिडच्या स्फटिकांनी पेटलेला दाह. औषध न घेताही तो साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतो, आणि माणूस फसतो तो इथंच, कारण दुखणं गेलं म्हणजे आजार गेला असं त्याला वाटतं. त्यात रक्तातली साखरही चढलेली असेल तर गुंता आणखी वाढतो. झटक्यावरचं औषध साखर वाढवू शकतं, साखरेसाठी धरलेलं पथ्य युरिक अ‍ॅसिड वाढवू शकतं, आणि साखर फारच चढलेली असली तर तपासणीत युरिक अ‍ॅसिड चक्क सोज्वळ दिसतं.

गाठ पडते ती मूत्रपिंडात

जुन्या पेशी मोडल्या की त्यांच्यातल्या प्युरिन नावाच्या द्रव्याचं शेवटी युरिक अ‍ॅसिड होतं. खाण्यातून आलेल्या प्युरिनचंही तेच होतं. बहुतेक सस्तन प्राण्यांत युरिकेज नावाचं विकर युरिक अ‍ॅसिडचं पुढे सहज विरघळणारं द्रव्य करून टाकतं. माणसाच्या पूर्वजांत हे विकर कोटीभराहून अधिक वर्षांपूर्वी निकामी झालं, त्यामुळे आपल्याला युरिक अ‍ॅसिड बाहेर टाकण्यावाचून गत्यंतर नाही. सुमारे दोन तृतीयांश लघवीतून जातं, बाकीचं आतड्यातून. पण मूत्रपिंड एका हाताने गाळतं आणि दुसऱ्या हाताने परत घेतं. गाळलेल्या युरिक अ‍ॅसिडपैकी ९० टक्क्यांच्या आसपास पुन्हा रक्तात ओढलं जातं. गाऊटच्या बहुतेक रुग्णांची अडचण इथंच असते. युरिक अ‍ॅसिड तयार फार होतं असं नाही, बाहेर कमी जातं.

रक्तातलं प्रमाण डेसिलिटरला ६.८ मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की ते विरघळलेलं राहीनासं होतं. दाट पाक निवला की भांड्याच्या कडेला साखर धरते, तसाच हा प्रकार. पायाचा अंगठा शरीराच्या गाभ्यापेक्षा थंड असतो, म्हणून सुईसारखे स्फटिक तिथं आधी धरतात.

आता साखर. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत, म्हणून शरीर ते जास्त ओततं. मूत्रपिंड मात्र इन्सुलिनचं ऐकत राहतं, आणि त्याच्या सांगण्यावरून मीठ आणि युरिक अ‍ॅसिड दोन्ही परत रक्तात घेतं. पोटाचा घेर, रक्तदाब, साखर आणि युरिक अ‍ॅसिड ही चौकडी एकत्र फिरते त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

मात्र रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीतून सांडू लागते आणि जाताना युरिक अ‍ॅसिडही सोबत नेते. दोघांची वाट काही अंशी एकच आहे. ग्लूट-९ हे प्रथिन साखर वाहणाऱ्यांच्या कुळातलं, पण मूत्रपिंडात ते युरिक अ‍ॅसिडची ने-आण करतं. परिणाम असा होतो: समजा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा) १० असताना युरिक अ‍ॅसिड ५.५ आलं. औषधांनी तीन महिन्यांत एचबीएवनसी ७ वर आलं आणि युरिक अ‍ॅसिड निघालं ७.४. रुग्ण म्हणतो, नव्या गोळीने युरिक अ‍ॅसिड वाढवलं. बहुतेक वेळा गोळी निर्दोष असते. साखरेच्या पुराने झाकलेला आकडा पूर ओसरल्यावर उघडा पडलेला असतो. म्हणून साखर चढलेली असताना आलेल्या ‘नॉर्मल’ युरिक अ‍ॅसिडवर विसंबू नये. ऐन झटक्यातल्या रिपोर्टचंही तसंच आहे. त्या दिवसांत प्रमाण खाली उतरलेलं असू शकतं, तेव्हा झटका शमल्यावर दोन ते चार आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी लागते.

झटका आला तर

औषध किती लवकर घेतलं याला इथं फार महत्त्व आहे. कोल्चिसिन पहिल्या १२ तासांत घेतलं तर चांगलं लागू पडतं: आधी १ मिलिग्रॅम, तासाने ०.५ मिलिग्रॅम, आणि त्या दिवसापुरतं बस. जुलाब लागेपर्यंत दर तासाला गोळी घेण्याची जुनी पद्धत सोडून द्यायला हवी, कारण जास्त मात्रेने गुण वाढत नाही, नुसते हाल वाढतात. कोल्चिसिन साखरेला हात लावत नाही ही त्याची जमेची बाजू. पण मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते, आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकसोबत ते विषासारखं साठू शकतं. साखरेवरच्या मेटफॉर्मिननेही पोट बिघडतं, दोन्ही चालू असतील तर जुलाब जास्त होतात. शरीरातलं पाणी घटलं की युरिक अ‍ॅसिड आणखी दाटतं, हे वेगळंच.

नेप्रॉक्सेन, इंडोमेथॅसिनसारख्या वेदनाशामकांनी ठणका थांबतो, पण मधुमेहाने आधीच थकलेल्या मूत्रपिंडाला ती मानवत नाहीत. रक्तदाबासाठी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ने शेवट होणाऱ्या नावाची गोळी चालू आहे, सोबत लघवी वाढवणारी गोळी आहे, आणि त्यात वेदनाशामकाची भर पडली तर मूत्रपिंड काही दिवसांत बसू शकतं. औषधाच्या दुकानातून परस्पर गोळी आणणं इथं महागात पडतं.

उरलं स्टिरॉइड. प्रेडनिसोलोन ३० ते ३५ मिलिग्रॅम, सहसा पाच दिवस. झटक्यावर ते उत्तम चालतं आणि मूत्रपिंडाला सांभाळून घेतं, म्हणून मधुमेह असलेल्यांनाही ते दिलं जातं आणि त्यात चूक काही नाही. चूक होते ती साखर तपासण्याच्या वेळेत. सकाळी आठला गोळी घेतली तर साखर दुपारपासून चढू लागते, संध्याकाळी शिखरावर असते आणि रात्रीतून उतरते. नेहमीच्या सवयीने सकाळी उपाशीपोटी बोट टोचणाऱ्याला मीटरवर १२० दिसतात आणि सगळं आलबेल वाटतं, जेव्हा आदल्या संध्याकाळी तोच आकडा ३०० च्या पुढे असतो. म्हणून या पाच दिवसांत दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी तपासायचं. आकडा वारंवार २७० च्या वर जात असेल, फार तहान लागत असेल किंवा सारखी लघवी होत असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावं. इन्सुलिन घेणाऱ्यांना तात्पुरती मात्रा वाढवून मिळते. स्टिरॉइड थांबल्यावर ती आठवणीने उतरवायची, नाहीतर दोन दिवसांनी साखर खाली कोसळते. स्टिरॉइडचं इंजेक्शन थेट सांध्यात दिलं तरी साखर काही दिवस चढते.

मीटरचा आकडा भलताच वाटला तर घाबरण्याआधी साबणाने हात धुवून, कोरडे करून पुन्हा तपासावं. फळ सोललेल्या बोटावरचा रससुद्धा आकडा चढवतो. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेनेही काही मीटर आणि त्वचेवर लावायचे सेन्सर चुकीचा आकडा दाखवतात. गाऊटसाठी म्हणून ते जीवनसत्त्व घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, तसाही गाऊटमध्ये त्याचा उपयोग नगण्यच.

बर्फाने बरं वाटतं: कापडात गुंडाळून, एका वेळी १५-२० मिनिटं. पण मधुमेहाने पायाची संवेदना मंदावली असेल तर बर्फ त्वचा जाळतो आणि माणसाला कळतही नाही, तेव्हा मध्येच उचलून कातडी पाहावी. रात्री पायाशी एखादा खोका आडवा ठेवून त्यावरून चादर घेतली तर ती अंगठ्याला लागत नाही.

तो गाऊट नसेल तर?

मधुमेह असलेल्याचा पाय लाल आणि गरम होऊन सुजला की ‘पुन्हा गाऊटच’ असं म्हणून मोकळं होणं सगळ्यात धोक्याचं. तीच सूज जंतुसंसर्गाची असू शकते. सांध्यात पू झालेला असू शकतो. आणि तिसरी शक्यता शार्कोच्या पायाची, जिच्यात संवेदना गेलेल्या पायाची हाडं आतून ढासळू लागतात. गाऊटमध्ये वेदना असह्य असते. पाय बराच सुजला आहे आणि दुखणं मात्र त्या मानाने किरकोळ, असं असेल तर चालणं लगेच थांबवून त्याच दिवशी दाखवायला हवं, कारण शार्कोच्या पायावर टाकलेलं प्रत्येक पाऊल हाड मोडू शकतं. ताप, थंडी, जवळपास जखम किंवा तासागणिक पसरणारी लाली असेल तर संसर्गाचा संशय आधी घ्यावा. खात्रीची तपासणी म्हणजे सांध्यातलं पाणी सुईने काढून ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. मॅकार्टी आणि हॉलंडर या डॉक्टरांनी १९६१ मध्ये ती पद्धत दाखवून दिली. स्फटिक दिसले तरी त्या पाण्याची जंतूंसाठी तपासणी करावी लागते, कारण एकाच सांध्यात दोन्ही असू शकतात.

रोजचं ताट, रोजची गोळी

गाऊटच्या धास्तीने माणूस मांस-मासे सोडतो आणि ताटात पिष्टमय पदार्थ वाढवतो, तशी साखर चढते. साखरेच्या धास्तीने पिष्ट सोडून नुसत्या मांसावर येतो, तेव्हा युरिक अ‍ॅसिड चढतं. कडक उपास तर त्याहून वाईट. चरबी जळून तयार होणारे कीटोन मूत्रपिंडाच्या दारात युरिक अ‍ॅसिडची वाट अडवतात, म्हणून झटपट वजन उतरवणाऱ्यांना ऐन त्या दिवसांतच झटका येतो. आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वेग पुरे.

दोन्ही आजारांचा सामाईक शत्रू म्हणजे फ्रुक्टोज. यकृतात ते वापरलं जाताना पेशीला ऊर्जा पुरवणारं एटीपी झपाट्याने खर्ची पडतं आणि त्या मोडतोडीतून थेट युरिक अ‍ॅसिड बनतं. साध्या साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोजच असतो. गोड शीतपेयं आणि फळांचे रस एकदमच बंद करावेत. अख्खं फळ बेताने खायला हरकत नाही. ‘मधुमेहींसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गोड पदार्थांत साखरेऐवजी फ्रुक्टोज असतं, तेव्हा वेष्टनावरची यादी वाचावी. दारूत बिअर सगळ्यात वाईट, कारण अल्कोहोलच्या जोडीला तिच्यात प्युरिनही असतं. काळीज, गुर्दा आणि छोटे तेलकट मासे टाळावेत. डाळी, पालक, मश्रूम यांच्यात प्युरिन असूनही त्यांनी गाऊट वाढल्याचं दिसलेलं नाही. कमी स्निग्धांशाचं दूध आणि दही तर फायद्याचंच.

साखर ७० च्या खाली गेली तर मात्र गाऊटचा विचार बाजूला ठेवून १५ ग्रॅम साखर ताबडतोब घ्यायची. जवळ ग्लुकोजची पावडर असेल तर उत्तम: ती लवकर चढते आणि तिच्यात फ्रुक्टोज नसतं.

एवढं सगळं पाळून युरिक अ‍ॅसिड उतरतं ते सहसा एखाद्या अंकाने. ९ चं ८. झटके घेऊन बसलेल्या माणसाला हे पुरत नाही, आणि पथ्य नीट पाळलं नाहीस म्हणून त्याला बोल लावण्यातही अर्थ नाही. त्याला युरिक अ‍ॅसिड उतरवणारं अ‍ॅलोप्युरिनॉल हे औषध लागतं. सुरुवात १०० मिलिग्रॅमने, मूत्रपिंड कमजोर असेल तर ५० ने. मग दर दोन-चार आठवड्यांनी तपासून थोडी थोडी वाढ, युरिक अ‍ॅसिड ६ च्या खाली येईपर्यंत. कातडीखाली युरिक अ‍ॅसिडच्या गाठी धरलेल्या असतील तर ५ च्या खाली. अनेकांना ३०० मिलिग्रॅमही पुरत नाही, आणि तिथंच थांबणं ही उपचारातली नेहमीची चूक. पहिल्या काही महिन्यांत झटके वाढू शकतात, कारण जुने स्फटिक विरघळताना सुटे होतात. म्हणून जोडीला तीन ते सहा महिने कोल्चिसिनची छोटी मात्रा देतात. चालू असलेलं अ‍ॅलोप्युरिनॉल झटका आला म्हणून बंद करायचं नाही. अंगावर पुरळ उठलं तर मात्र गोळी तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे जायचं. ती प्रतिक्रिया क्वचित येते, पण आली तर जिवावर बेतू शकते.

साखरेच्या औषधांत एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन हा गट इथं कामाचा ठरतो. तो साखर लघवीतून मुद्दाम सांडतो आणि सोबत युरिक अ‍ॅसिडही, म्हणजे वर सांगितलेलीच युक्ती, पण आटोक्यात ठेवलेली. उलट्या-जुलाब चालू असताना किंवा खाणं बंद असताना मात्र तो डॉक्टरांच्या सल्ल्याने तात्पुरता थांबवावा लागतो, नाहीतर कीटोन वाढण्याचा धोका. रक्तदाबासाठीच्या थायझाइड गोळ्या युरिक अ‍ॅसिड चढवतात, लोसार्टन थोडं उतरवतं. अदलाबदल करता येईल का हे डॉक्टरांना विचारावं, आपल्या मनाने गोळी सोडू नये. हृदयासाठी चालू असलेली अ‍ॅस्पिरिनची छोटी मात्राही युरिक अ‍ॅसिड थोडं वाढवते, पण तेवढ्यासाठी ती बंद करत नाहीत.

प्रमाण ६ च्या खाली टिकलं की कानाच्या कडेवरच्या, कोपरावरच्या खडूसारख्या गाठीही हळूहळू विरतात, मोठ्यांना वर्षं लागतात. तोवर त्या फोडू नयेत. पायाच्या बोटावरची गाठ तर नाहीच, कारण साखर चढलेली असताना तिथली जखम भरता भरत नाही. बूट तिच्यावर घासत असेल तर आधी बूट बदलावा, आणि रोज रात्री मोजे काढल्यावर तळपाय आणि बोटांमधली कातडी उजेडात पाहावी.