करपलेला पाम छाटण्याआधी कोंब तपासा

एप्रिल-मेमध्ये कोल्हापुरात पारा ३८-३९ अंशांवर गेला की बंगल्यांपुढचे अरेका पाम टोकांकडून तपकिरी पडू लागतात. मग कोयता निघतो आणि करपलेल्या झावळ्या सरसकट उतरवल्या जातात. उन्हातून वाचलेला पाम बऱ्याचदा या छाटणीनं खचतो.

आंब्याची फांदी वाळली तर खालच्या डोळ्यातून फूट येते. पामच्या खोडाला वाढीची जागा एकच, शेंड्यातला कोंब. तो मेला की ते खोड संपलं. अरेकाला बुंध्यातून नवे फुटवे येतात, पण फॉक्सटेल, बॉटल पाम, नारळ यांना तेही नाही. म्हणून आधी मधलं न उमललेलं, सुरळीसारखं पान दोन बोटांत धरून हलकं ओढा. घट्ट असेल तर धीर धरा. सहज उपटून आलं आणि बुडाशी काळपट, दुर्गंधी असेल तर कोंब कुजतोय.

पान गार राहतं ते पाण्याची वाफ करून. मुळांकडून पाणी कमी पडलं की पानावरची सूक्ष्म छिद्रं मिटतात, वाफ थांबते आणि पान हवेपेक्षाही तापतं. टोकं पाण्याच्या वाटेच्या शेवटी असल्यानं ती आधी वाळतात. उन्हाकडच्या बाजूलाच पांढरट चट्टे आले असतील तर कारण वेगळं: नर्सरीत जाळीखाली वाढलेलं झाड एकदम उघड्यावर आलंय. त्याला ५० टक्क्यांचं शेडनेट लावा आणि सकाळच्या दोन तास उन्हापासून सुरुवात करून तीन-चार आठवड्यांत सवय लावा. रॅपिस जातीचा पाम मात्र कायम सावलीतच ठेवा.

रोज तांब्याभर पाणी घालण्यापेक्षा एकदाच भरपूर घाला, म्हणजे ते खोल मुरेल. पुरुषभर उंचीच्या अरेकाच्या बेटाला आळं करून दोन-तीन दिवसांआड दोन बादल्या द्या. काळ्या जमिनीत आधी चार बोटं उकरून बघा, ओल असेल तर थांबा. वर उसाचं पाचट तीन-चार इंच पसरा, पण बुंध्यापासून वीतभर लांब. पाचट आपल्याकडे मुबलक आहे, ते जाळण्यापेक्षा इथे फार कामाला येतं. गच्चीवरच्या काळ्या कुंड्यांत मुळं भाजतात, त्यांना गोणपाट गुंडाळा. बोअरच्या पाण्यानं मातीवर पांढरा थर साचला असेल तर कुंडीच्या तिप्पट साधं पाणी सोडून क्षार धुऊन काढा.

करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही, तरी अर्धी हिरवी झावळी ठेवाच. पाम जुन्या पानांतलं पोटॅश काढून नव्या पानाला पुरवतो. ती झावळी कापली की तो वरच्या पानांतून ओढतो आणि पुढची फेरी पिवळी पडते. देठासकट वाळलेलीच पानं काढा. युरियाही आता नको, कोरड्या मुळांना तो आणखी भाजतो. पोटॅश आणि मॅग्नेशियम सल्फेट जूनमध्ये, जमीन ओली झाल्यावर द्या. नवं पान पूर्ण उघडायला महिना-दोन महिने लागतात.

उन्हानं दुबळ्या झालेल्या झाडात कोंबकुज शिरते ती पावसात. सुरळी सैल लागली तर कुजका भाग धारदार चाकूनं निरोगी पांढऱ्या गाभ्यापर्यंत कापून १० टक्के बोर्डो मलम लावा. त्यासाठी १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना प्लास्टिकच्या दोन भांड्यांत अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात वेगवेगळे कालवून मग एकत्र करा. लोखंडी भांडं वापरू नका. नवा कोंब दिसेपर्यंत शेंड्यावर प्लास्टिकचं टोपण ठेवा, म्हणजे पावसानं मलम धुऊन जाणार नाही.