संवादी कथेतील खेळाडूचे वर्तन

जिची पुढची वाट ऐकणाऱ्या-पाहणाऱ्याच्या कृतीवर ठरते, अशा कथेत शिरलेला माणूस कसा वागतो, याचा अभ्यास. संगणकीय कथाखेळ, आभासी वास्तव, भूमिकाखेळ आणि प्रेक्षकाला पात्रांमध्ये वावरू देणारे नाट्यप्रयोग ही त्याची मुख्य क्षेत्रे.

कथेत रंगलेला माणूस निमूट रंगतो, ही समजूत फारशी टिकत नाही. बहुतेक जण आधी खोडी काढून पाहतात : भिंतीतून जाता येते का, गंभीर प्रसंगी अचरटपणा केला तर पात्र रागावते का. हा निव्वळ वात्रटपणा नव्हे. या जगात आपल्या कृतीला काही किंमत आहे का, हे तपासण्याचा तो मार्ग असतो. उत्तर मिळाले की माणूस स्थिरावतो. नाही मिळाले की खोड्या वाढतात.

मायकेल मॅटिआस आणि अँड्र्यू स्टर्न यांच्या ‘फसाड’ (२००५) या संगणकीय नाट्यात हे स्पष्ट दिसते. त्यात खेळाडू ग्रेस आणि ट्रिप या जोडप्याकडे जुना मित्र म्हणून जातो. त्यांचा संसार मोडकळीस आलेला असतो, आणि खेळाडूला हवे ते वाक्य टंकता येते. फारच ताळ सोडला, तर ट्रिप त्याला सरळ घराबाहेर काढतो. यजमानाने पाहुण्याला हाकलणे कथेत शोभते. ‘ही आज्ञा समजली नाही’ असा कोरडा संदेश मात्र रसभंग करतो.

माध्यम-अभ्यासक जॅनेट मरी यांनी १९९७ मध्ये मांडले, की अशा कथेत अविश्वास नुसता बाजूला ठेवला जात नाही, तर विश्वास सक्रियपणे घडवला जातो. खेळाडू त्रुटींकडे काणाडोळा करतो, पात्रांच्या मौनाला अर्थ देतो. संशोधक मेल स्लेटर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मानसशास्त्रज्ञ मिलग्रॅम यांचा, आज्ञेवरून दुसऱ्याला विजेचे झटके द्यायला सांगणारा प्रयोग आभासी रूपात केला. झटके खाणारी समोरची स्त्री खरी नाही हे ठाऊक असूनही, जे तिला पाहत-ऐकत होते त्यांच्यात खरा ताण दिसला.

खेळरचनाकार रिचर्ड बार्टल यांची यशार्थी, शोधक, मिलनसार आणि मारेकरी ही खेळाडू-प्रकारांची चौकडी (१९९६) सर्वत्र उद्धृत होते. ती अनेकांनी एकत्र खेळायच्या, केवळ मजकुरातून चालणाऱ्या संगणकीय जगांवरून सुचली होती. एकट्याने अनुभवायच्या कथेला ती जशीच्या तशी लावणे ओढूनताणून होते.

खेळाडू स्वतः म्हणून वागतो की पात्र म्हणून, हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. भूमिकाखेळांत पात्राच्या भावना खेळाडूत किंवा खेळाडूच्या पात्रात उतरतात, त्याला ‘ब्लीड’ म्हणतात. मुखवटा घालून फिरायच्या नाट्यप्रयोगांत अनोळखीपणामुळे धिटाई येते. एरवी परक्याच्या खणाला हात न लावणारा माणूस तिथे बेधडक पत्रे वाचतो. दुसऱ्या खेपेला नजर पुन्हा बदलते. पात्रांचे काय होईल यापेक्षा कोणत्या उत्तराने कोणता शेवट येतो, याचेच कुतूहल उरते, आणि पहिल्यांदा ज्याच्याशी खोटे बोलताना मन चाचरले, त्याच्याशी खेळाडू सहज खोटे बोलतो.