त्वचेचा खालचा थर : भाजलेल्या जखमांवरील उपचारांची पार्श्वभूमी

सांगली-साताऱ्याच्या ऊसपट्ट्यात काहिलीतला पाक अंगावर उडणं हा गुऱ्हाळावरचा ओळखीचा अपघात. गूळ उतरवताना पाक ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, म्हणजे उकळत्या पाण्याहून जास्त तापलेला. शिवाय तो अंगाला चिकटतो आणि खोल भाजत जातो. म्हणून आधी २० मिनिटं साधं वाहतं पाणी. बर्फ नको, हळद नको, टूथपेस्ट नको. चिकटलेला गूळ ओरबाडायचा नाही, पाण्यानं विरघळू द्यायचा.

जखम उथळ असेल तर केसांच्या मुळाशी उरलेल्या पेशींतून बाह्यत्वचा दोन-तीन आठवड्यांत भरून येते. अंतस्त्वचा, म्हणजे तिच्या खालचा थर, जळाली की मात्र ती पूर्वीसारखी उगवत नाही. तिच्या जागी आखडणारा व्रण तयार होतो. उपचारांचा सगळा इतिहास या थराभोवती आणि त्याला रक्त कसं पोचवायचं या प्रश्नाभोवती फिरतो.

रक्ताचं मोल आपल्याकडच्या वैद्यांना फार आधी कळलं होतं. पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका वैद्यानं कावसजी नावाच्या गाडीवानाला कपाळाच्या कातडीचं नवं नाक बसवलं. ही हकिकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’नं ऑक्टोबर १७९४ मध्ये छापली. नव्या नाकाला रक्त मिळत राहावं म्हणून कातडीचा देठ भुवयांमध्ये जोडलेला ठेवून तो २५ व्या दिवसाच्या सुमारास कापायचा, हे त्यातलं मर्म.

देठाशिवाय, सुटी कातडी रुजते हे १८६९ मध्ये पॅरिसमध्ये रेव्हर्दिन या शल्यविशारदानं दाखवलं. आज मांडीवरून ०.२ ते ०.४ मिलिमीटर जाडीचा पापुद्रा काढतात. ती जागा साधारण दोन आठवड्यांत भरते. लावलेला पापुद्रा पहिले दोन दिवस जखमेतल्या द्रवावर जगतो, मग त्यात रक्तवाहिन्या जोडल्या जातात. खाली रक्त साकळलं, पू झाला किंवा पापुद्रा सरकला तर ही जोडणी होत नाही आणि तो मरतो. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पट्टी उघडू नका, हात हलवू नका असं बजावतात ते यासाठीच.

अंग फार भाजलं असेल तर कातडी आणायची कुठून? १९७५ मध्ये राइनवाल्ड आणि ग्रीन या संशोधकांनी माणसाच्या बाह्यत्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. अंगाचा ९५ टक्क्यांहून जास्त भाग भाजलेली दोन मुलं या पद्धतीनं वाचल्याचं १९८४ मध्ये प्रसिद्ध झालं. पण असे पडदे वाढवायला तीन-चार आठवडे लागतात, ते फार नाजूक असतात आणि खाली अंतस्त्वचा नसल्यानं फोड येऊन सुटतात.

ही उणीव बर्क आणि यानस या संशोधकांनी नेमकी हेरली. १९८१ मध्ये त्यांनी गाईच्या कोलॅजेनची (त्वचेला बळकटी देणाऱ्या प्रथिनाची) सच्छिद्र जाळी आणि वर सिलिकॉनचा पातळ थर असं कृत्रिम आवरण मांडलं. जाळीच्या छिद्रांतून रुग्णाच्या पेशी आणि रक्तवाहिन्या आत शिरतात आणि जाळी हळूहळू विरघळते. दोन-तीन आठवड्यांनी सिलिकॉन काढून अगदी पातळ पापुद्रा लावतात. या सगळ्या शोधांत आम्हाला हा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यानं शरीरालाच खालचा थर बांधायला लावलं. मात्र जाळीखाली जंतुसंसर्ग झाला तर ती काढून टाकावी लागते.

घामाच्या ग्रंथी मात्र यातल्या कोणत्याही पद्धतीनं परत येत नाहीत. मोठा भाग भाजून बरा झालेल्या माणसाला एप्रिलच्या उन्हात रानात काम करताना अंग थंड ठेवता येत नाही. त्याला सावली, ओलं कापड आणि वारंवार पाणी लागतंच.